पाकळीतलं कुंकू

भिंगाखाली तो लाल ठिपका दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. बंदूक घरी येऊन चारच दिवस झाले होते. सकाळचं ऊन खिडकीतून तिरकं येतं त्या वेळेला जेवणाच्या टेबलावर जुनी सुती साडी चौपदरी घालून मी बसलो होतो. नळ्या एका बाजूला, त्यांच्याखालची लाकडी मूठ दुसऱ्या बाजूला, आणि दस्त्यासकट मधला पोलादी भाग माझ्या हातात. सोनाराकडचं भिंग डोळ्याला लावून नक्षीतली एकेक वेल वाचत चाललो होतो. डाव्या अंगाच्या गुलाबात, दोन पाकळ्यांमधल्या खाचेत, खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी लाल होतं. शंभर वर्षांच्या पोलादावर लाल म्हणजे गंज, दुसरं काय असणार? वरून ठिपका आणि आत पोखरलेलं, असंही असतं. लाकडी काडीचं टोक तेलात बुडवून हलकेच टोकरलं. गंज काडीवर तपकिरी, खरखरीत येतो. हे मऊ होतं. दोन बोटांत धरून चोळलं, तर बोटाच्या रेषांत लाल रंग पसरला. तो रंग मी लहानपणापासून आईच्या करंड्यात बघत आलोय.

कुंकू होतं ते.

काडी खाली ठेवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. नीट बघितलं तेव्हा अजून दोन-तीन जागी सापडलं. वेलीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, एका स्क्रूच्या डोक्याशी. वरवर पुसलेलं, खाली राहिलेलं. ज्यांना या गोष्टीतलं कळतं असे दोघे-तिघे आहेत, त्यांना फोन केला. सगळ्यांचं एकच म्हणणं : काढून टाका, कुंकवात ओल धरते, पोलाद खाईल. त्यांचं बरोबरच आहे. तरी माझा हात होईना. तो का होईना, हे शोधताना मी पार आण्णांच्या सोप्यापर्यंत जाऊन आलो.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. शिराळ्याच्या वरच्या अंगाला, चांदोलीचा डोंगर जिथून निळा दिसतो तिथं आमची शेती. सोप्याच्या भिंतीत एक उभं कपाट होतं, त्याची किल्ली आण्णांच्या करगोट्याला. कपाटात दुनळी. ७२ साली वन्यजीवांचा कायदा आला तेव्हापासून शिकारीचं नाव आण्णांनी कधी काढलं नाही. परवाना पीक संरक्षणाचा, आणि काम एवढंच की ऊस कोवळा असताना रानडुकरं आली तर रात्री बांधावर जाऊन आभाळात एक बार टाकायचा. आम्ही नातवंडं अंथरुणात जागी असायचो. बार झाला की डोंगरावरून त्याचा आवाज परत यायचा, आणि मग कितीतरी वेळ कुत्री. सकाळी रिकामं काडतूस कुणाला मिळणार यावरून भांडणं. कागदाच्या नळीचं आणि पितळेच्या बुडाचं ते काडतूस नाकाशी धरलं की जळक्या दारूचा आणि मेणाचा वास यायचा. दोन दिवस पुरायचा तो. तिसऱ्या दिवशी नुसता कागद.

त्या बंदुकीच्या अंगावर एक पक्षी कोरलेला होता. मी म्हणायचो तितर, चुलतभाऊ म्हणायचा लावा. तेल देताना आण्णा मला शेजारी बसवून घेत आणि मी नखाच्या टोकानं त्या पक्ष्याच्या पंखावरून जायचो. प्रत्येक पिसाला वेगळी रेघ होती आणि नखाला ती लागायची. पुढे चित्रांची पुस्तकं बघितली, मूर्ती बघितल्या, पण कोरीव कामाशी माझी पहिली ओळख बोटानं झाली. आण्णा गेले तेव्हा निवडणुका लागल्या होत्या. आचारसंहितेत बंदुका जमा होतात तशी ती जमा झालेलीच होती. काका मुंबईत, बाबा नोकरीत. वारसानं परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, तो आमच्याकडून राहून गेला. एक वर्ष राहिला, मग पाच वर्षं. नंतर विचारायला जायचीही लाज वाटू लागली. कपाट अजून आहे. त्यात आता खताच्या पावत्या असतात.

म्हणून चाळिशी उलटल्यावर, शेती माझ्या नावावर आली आणि रीतसर परवाना मिळाला, तेव्हा नवी बंदूक घेण्याचा विचार मनात आलाच नाही. मला कोरलेली हवी होती. जुनी, इंग्लिश, दोन नळ्या शेजारी-शेजारी असलेली. १९८० च्या दशकात बाहेरून बंदुका आणणं बंद झालं, त्यामुळे आपल्याकडे ज्या आहेत त्याच एका घरातून दुसऱ्या घरात जातात. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच ठेवता येतात, तेव्हा काही घरांतून तिसरी बाहेर पडली. दुकानात बघायची ही वस्तूच नव्हे. कुणीतरी कुणाच्या तरी सासऱ्यांकडे एक आहे म्हणून सांगतं, मग चहा, मग ओळखीतून ओळख निघते, आणि मग कपाट उघडतं.

पहिली बघितली ती सांगलीत, गावभागातल्या एका जुन्या घरात. काय देखणी होती! साइडलॉक, म्हणजे जिची यंत्रणा दोन्ही बाजूंच्या लांबट पोलादी पाट्यांवर बसवलेली असते. कोरणाऱ्याला तिथं मोकळं अंगण मिळतं. दोन्ही पाट्यांवर गुलाबांचे गुच्छ, त्यांच्याभोवती इतकी बारीक वेलबुट्टी की लांबून पोलादावर धुकं बसल्यासारखं वाटावं. नळ्या काळ्याशार, दस्ता आरशासारखा. माझे हात थरथरत होते, हे खरं सांगतो. त्या दिवशी माझ्यासोबत मिरजेचे चाचा होते. चाचा तंबोरे बनवतात. एका गाणाऱ्या बाईंकडे जोडी पोचवायला सांगलीत आले होते आणि चहाच्या ओढीनं माझ्याबरोबर आले. मी ऐकलेली एक परीक्षा करून बघत होतो. नळ्या सोडवायच्या, खालच्या आकड्यात दोरा घालून अधांतरी धरायच्या आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. मी टिचकी मारली. मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. चाचांनी चहाची बशी खाली ठेवली.

"परत मारा." मी मारली. त्यांनी मान तिरकी केली. "ही बोलत नाही बाबा. तोंड मिटल्यावर बोलतंय तसं. आतला डाग कुठंतरी सुटलाय."

दोन नळ्या एकमेकींना धरून असतात त्या मधल्या पट्ट्यांमुळे, आणि पट्ट्या डाग देऊन बसवलेल्या असतात. डाग पक्का असेल तर दोन्ही नळ्या मिळून काशाच्या वाटीसारख्या वाजतात, सुटला असेल तर आवाज फुटतो. घरमालकांनी काही लपवलं नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा माळ्यावर चढवायला सुचलं ते देवघर आणि कागदपत्रं. बंदूक कपाटातच राहिली. पाणी उतरल्यावर गाळ धुतला, नंतर कुणाकडून तरी नळ्या पुन्हा काळ्या करून घेतल्या, पाट्या घासून चकचकीत केल्या. पट्टीखाली शिरलेलं पाणी मात्र आत राहून काम करत होतं. मग मलाही एकेक दिसायला लागलं. पाटीवरच्या अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या. स्क्रूंभोवती पोलाद बशीसारखं खोलगट. आणि स्क्रूंच्या खाचा चारी दिशांना तोंड करून. चांगल्या बंदुकीत प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या रेषेत येऊन थांबते, बनवणाऱ्यानं ती तशी थांबवलेली असते. खाचा फिरल्या की समजावं, कुणीतरी घाईत उघडलंय.

घरमालकांच्या डोळ्यांत पाणी होतं. बंदुकीपेक्षा पुराचं असावं ते. आम्ही निघालो.

येताना चाचा बोलत होते. त्यांचं घराणं शिकलगारांचं. शिकलगार म्हणजे हत्यारांना पाणी चढवणारे, धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं आणि मिरजेतल्या शिकलगारांनी पटवर्धनांच्या आश्रयानं तंतुवाद्यं दुरुस्त करायला, मग घडवायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं येतं. पुढे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, गल्लीतल्या कानांना आणखी पाणी चढलं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्या गल्लीत पेढे वाटले गेले. "आमच्या पणज्याचे हात पोलादाचेच होते," चाचा म्हणाले. "लोखंड काय आणि लाकूड काय, आत पोकळ आहे ना? मग ते सांगतंय." हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं.

दुसरी मिळायला दीड वर्ष गेलं. तासगावच्या बाजूला, द्राक्षबागांमधलं घर. तिथले काका चौऱ्याऐंशी वर्षांचे, एका डोळ्यानं दिसत नाही. मुलं पुण्यात, त्यांना बंदूक नको. अंगणात बेदाण्याची खोकी रचलेली, सगळ्या घराला गोड, थोडा आंबूस वास. काकांनी दुनळी पिशवीतून काढून माझ्या हातात दिली, तेव्हा पहिल्या नजरेत माझा विरस झाला. ही बॉक्सलॉक होती, साधी. बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ साली काढलेली रचना, यंत्रणा पोटातच बसवलेली. कोरायला जागा कमी. नळ्यांचा काळा रंग जाऊन राखाडी झालेला. दस्त्याच्या मानेवरची चौकटीची जाळी हातानं इतकी झिजलेली की ती मला बोटानंच शोधावी लागली. नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटन कंपनीचं नाव. बनल्या बर्मिंगहॅममध्ये, विकल्या कलकत्त्यातून, अशा कितीतरी आल्या.

पण नळ्या सोडवून त्यांच्या पोटाखालचे ठसे बघितले तेव्हा कान टवकारले. बंदुकांची चाचणी घेणाऱ्या बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे मुकुट, धूररहित दारूची चाचणी झाल्याची अक्षरं, आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात १२. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकेक गोळी जेवढी जाड, तेवढं बारा बोअरचं तोंड. काडतुसाच्या घराची लांबी मात्र कोरलेली नव्हती. ती कोरण्याचा नियम १९२५ चा, आणि हे मुकुट १९०४ नंतरचे, म्हणजे मधल्या एकवीस वर्षांत कधीतरी ही बाई जन्माला आली. घर मोजलं तर अडीच इंची निघालं. आजची बहुतेक काडतुसं पावणेतीन इंची असतात. ती आत बसतात, आणि बसतात म्हणूनच धोका : उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. काकांना हे ठाऊक होतं. "आखूडच घालायची हं हिला," ते म्हणाले, सुनेच्या पथ्याबद्दल सांगावं तसं. फोरएंड, म्हणजे नळ्यांखालची लाकडी मूठ, काढून, बंद करून हलवून बघितली, सांध्यात खुळखुळ नाही. नळ्या, सांगाडा, मूठ, तिन्हींवर एकच आकडा. मग दोरा मागितला. काकूंनी देवघरातून वातींच्या कापसाशेजारचं सुताचं रीळ आणून दिलं.

टिचकी मारली आणि तो नाद माझ्या हातातून दंडापर्यंत आला. काकूंनी "अगंबाई" म्हटलं. बाहेर खोकी मोजणारा गडी दारात येऊन उभा राहिला. मी पुन्हा मारली, नुसती ऐकायला म्हणून.

त्यानंतर कुठं मी नक्षीकडे नीट बघितलं. सांगाड्याच्या दोन्ही अंगांना एकेक गुलाब, त्यातून निघालेल्या दोन वेली, बाकी कोरा भाग मोकळा सोडलेला. कोरणाऱ्यानं थोडक्या जागेत थोडकंच मांडलं होतं. जिथं नेमका अंगठा येतो, बंदूक उघडायच्या वरच्या कळीच्या खाली, तिथं वेल जवळजवळ पुसून गेलेली. साठ वर्षं काकांचा अंगठा, त्याआधी अजून कुणाचा. आणि कळीच्या आडोशाला, जिथं हात पोचत नाही, तिथं मूळचे रंग तसेच राहिलेले. हाडांच्या आणि कोळशाच्या भुकटीत तापवून पोलाद एकदम पाण्यात बुडवलं की त्यावर निळे, जांभळे, गवती ढग उमटतात. घासून चकचकीत केलेल्या बंदुकीत ते सापडत नाहीत. हिला कुणी घासलं नव्हतं. हिला फक्त वापरलं होतं आणि पुसलं होतं.

कोरणाऱ्याचं नाव कुठंच नाही. कंपनीचं आहे, परीक्षागृहाचा मुकुट आहे, आकडा आहे. ज्यानं उजेड बघून, श्वास धरून पोलादात पाकळी वळवली त्याची एवढीच खूण. भिंगातून बघताना त्याची कोरणी कुठं आत शिरली, कुठं कड धरून वळली आणि कुठं उचलली, हे कळतं. रेघ सुरू होताना केसासारखी, पोटात जाड, सुटताना पुन्हा केसासारखी. डावा गुलाब उजव्यासारखा नाही. त्यात एक पाकळी जास्त आहे. का, ते त्यालाच ठाऊक. मला ती एक पाकळी फार आवडते. छापातून निघालेल्या शंभर निर्दोष फुलांपेक्षा मला ती मोठी वाटते, आणि या मतावर मी ठाम आहे.

घरी बायकोचा विरोध होता, अजून आहे. तिनं एकच विचारलं, "किती जीव गेले असतील हिच्यानं?" मी उत्तर दिलं नाही, कारण आकडा मोठाच असणार. साहेबांच्या काळात तळ्यांवर एकेका सकाळी बदकांचा खच पडायचा. आण्णांच्या बंदुकीवरचा पक्षी मला आठवतो. ज्या हत्यारानं त्याला पाडायचं त्याच हत्यारावर त्याचं प्रत्येक पीस इतक्या मायेनं कोरलेलं. ही माया खोटी नव्हती, आणि ते पाडणंही खोटं नव्हतं. मी दोन्ही एकत्र धरून बघतो आणि मला ते मिटवता येत नाही. मी कधी कुठला जीव मारलेला नाही, मारणार नाही. ऊस कोवळा असताना आभाळात बार टाकीन, आण्णांसारखा. बाकी वर्षभर ती कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. पण हिच्यावर माझा जीव आहे आणि ते मी बायकोपासून लपवत नाही.

कायद्यानं विकणाऱ्यानं लेखी कळवल्यावर किमान ४५ दिवस जावे लागतात. मला ते दिवस आवडले. त्या काळात मी दोनदा तासगावला गेलो, कागदाच्या निमित्तानं. काका दर वेळी तिला तेल द्यायला बसायचे. रंगून तेल, जुन्या धोतराचा तुकडा, आधी नळ्या, मग कळ, मग अंगठ्याची जागा. एका डोळ्यानं ते नक्षी बघत नव्हते, फडक्याखाली ती त्यांना लागत होती. काकू दारात उभ्या राहून बघायच्या. न्यायला गेलो त्या दिवशी काका बागेत निघून गेले. कुंपणापाशी पाठमोरे उभे होते, मी हाक मारली नाही. काकूंनी माझ्या हातावर बेदाणे ठेवले, बंदुकीच्या पिशवीवरून एकदा हात फिरवला आणि आत गेल्या.

आणि चार दिवसांनी भिंगाखाली तो ठिपका. खंडेनवमीला कुदळ, कोयता, विळी, तराजू, सगळ्यांसोबत हिचीही पूजा झाली असणार, त्यात नवल काहीच नव्हतं. मला खुपत होतं ते वेगळंच. काकांचं फडकं मी स्वतः बघितलं होतं. तो माणूस घामाचा थेंबसुद्धा तिच्यावर राहू देत नव्हता. मग हे कसं राहिलं? संध्याकाळी चाचा आले होते. त्यांनी नळ्या दोऱ्यावर धरून स्वतः वाजवून बघितल्या, डोळे मिटून समाधानानं मान हलवली आणि गुलाब उजेडाकडे धरून म्हणाले, "एवढ्या खाली आपोआप जात नाही. कुणीतरी बसवलंय."

रात्री तासगावला फोन लावला. काकूंनी उचलला. मी आडून आडून विचारलं. पलीकडे थोडा वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला, मग तो बंद झाला.

"त्यांना चालायचं नाही," काकू म्हणाल्या. "गंज चढतोय म्हणायचे. पूजा झाली रे झाली की फडकं घेऊन बसायचे. म्हणून मी काडीनं लावायची. फुलाच्या आत, फडकं पोचत नाही तिथं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही काढलं का हो?"

काडी टेबलावर तशीच पडली होती, तेलानं भिजलेली.

"नाही," मी म्हणालो. "आहे अजून."